पश्चिमेची खिडकी: स्लायडिंग काढून बिजागरीची करावी का?

चौदावा मजला

नमस्कार मंडळी,

आमचं घर वर्सोव्याला, चौदावा मजला, हॉलची खिडकी सरळ समुद्राकडे. आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच, टू-ट्रॅक अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग, बिल्डरने दिलेली. दरवर्षी जून ते सप्टेंबर आमचा सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला असतो आणि खिडकीच्या ट्रॅकमध्ये सासूबाईंची जुनी सुती पातळं कोंबलेली असतात. जोराची सर आली की ट्रॅक भरतो आणि पाणी आत सांडतं. नुसतं सांडत नाही, बुडबुडे येतात! चहाचं आधण ठेवल्यासारखं ट्रॅकमध्ये खदखदतं.

सध्या सोसायटीच्या बाहेरच्या रंगासाठी परांची लागली आहे, मेअखेर उतरेल. नंतर बाहेरून काम करायचं तर पुन्हा दोरीवर माणूस लटकवावा लागेल, म्हणून आत्ताच काय ते ठरवायचंय. दोघांकडून भाव घेतले. एक म्हणतो, आहे तीच ठेवा, बाहेरून सिलिकॉन भरून देतो. दुसरा म्हणतो, बिजागरीची करा, बाहेर उघडणारी, एक थेंब आला तर पैसे परत. नवऱ्याचं म्हणणं, चौदाव्या मजल्यावरून तावदान उडून कोणाच्या डोक्यात पडलं तर पैसे परत घेऊन काय करणार?

त्याचा मुद्दा बरोबर आहे. पण पातळं संपत आली आहेत. अनुभव सांगा.

मूक वाचक

आमच्याकडे टॉवेल. +१

लोणच्याची बरणी

पातळंच बरी. टॉवेल जड होतो आणि पिळायला दोन माणसं लागतात.

गिरगावातले अण्णा

आमच्या चाळीला शंभरी उलटून गेली. खिडक्या सागवानी, पितळी बिजागऱ्या, दोन झडपा, आतून आडणा. लहानपणापासून पाहतोय, पावसाळ्यात झडपा फुगतात, दिवाळीला पुन्हा सैल होतात. पण पाणी? खिडकीच्या कट्ट्यावर बसून मी एसएससीचा अभ्यास केलाय, बाहेर धो धो चालू असताना.

त्यात काही जादू नव्हती. वर दोन फुटांचा लाकडी छज्जा. उजव्या झडपेची कड डाव्या झडपेवर चढलेली, वर पट्टी मारलेली, म्हणजे मधून फट सरळ नाहीच. आणि झडपेच्या तळाशी बाहेरून एक उतरती लाकडी पट्टी, तिच्या पोटाला खाच. पाणी पट्टीवरून घसरायचं, खाचेपाशी यायचं आणि टपकन बाहेर पडायचं. सुतार बाबा दर तीन वर्षांनी जवसाचं तेल लावायचे, काचेभोवतीची लांबी (पुटी) निघाली असेल तर भरायचे. बस्स.

हल्लीच्या खिडकीत एवढं सगळं असतं, एक खाच मात्र नसते.

पेठकर

आमच्याकडे पुण्यात खिडकी म्हणजे शेजाऱ्यांवर लक्ष ठेवायचं साधन. पावसाचा संबंधच काय? हलके घ्या.

चौदावा मजला

@पेठकर, तुमच्याकडे पाऊस वरून खाली पडतो. आमच्याकडे आडवा.

कोरडा पाषाण

धागाकर्तीने बुडबुड्यांचं लिहिलं ते फार बरं केलं, अर्धं निदान तिथेच झालं. तुमच्याकडे पाणी फटीतून शिरतंय असं नाही. ट्रॅकमध्ये आलेल्या पाण्याला बाहेर जाता येत नाहीये.

(मी इमारतींच्या दर्शनी भागांचं काम करतो, काचा-खिडक्या वगैरे. विकत काही नाही.)

स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाऊस पडणारच, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. तावदान सरकायला हवं म्हणून तिथे रबर दाबून बसवता येत नाही, नुसता केसाळ ब्रश असतो. म्हणून ट्रॅकला बाहेरच्या अंगाने भोकं ठेवतात. वारा नसताना पाणी तिथून मुकाट्याने निघून जातं. वारा खिडकीवर दाबायला लागला की हवा त्याच भोकांतून आत घुसते, तेच तुमचे बुडबुडे. आता पाण्याला त्या हवेविरुद्ध बाहेर पडायचं असेल तर ट्रॅकमध्ये तेवढं उंच साचावं लागतं.

किती उंच? १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १० पास्कल दाब. वाऱ्याचा दाब काढायचा ठोकताळा असा: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी ७२ किमीचा वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर. ४०० गुणिले ०.६ म्हणजे २४० पास्कल. म्हणजे २४ मिमी पाणी, जवळजवळ एक इंच.

आता उठा आणि पट्टी घेऊन ट्रॅकची आतली कड किती उंच आहे ते मोजा.

चौदावा मजला

मोजली. २२ मिमी.

सासूबाई विचारतायत, रात्री अकरा वाजता खिडकीशी काय चाललंय.

मूक वाचक

आमची १९. उद्या दुसऱ्या खोलीची मोजतो.

लोणच्याची बरणी

धाग्यावरची निम्मी जनता आत्ता पट्टी घेऊन खिडकीशी उभी आहे हे डोळ्यांपुढे आलं :)

शंकासूर

पाषाणसाहेब, हिशोब छान, पण थोडा ताणलेला वाटतो. एक तर ०.६ गुणिले वर्ग हा पूर्ण दाब खिडकीवर जसाच्या तसा येत नाही. भिंतीचा आकार, खिडकी कोपऱ्यात की मध्यावर, यावर गुणक बदलतो. दुसरं, झोत तीन-चार सेकंदांचा असतो, तेवढ्यात ट्रॅक भरतो थोडाच? आणि आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या, वाऱ्याच्या भागात मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे. तुमच्या सूत्राने साडेअकराशे पास्कलच्या वर जातं. म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर उंच ट्रॅक करायचा का? आत पाय टाकताना अडखळून पडू.

कोरडा पाषाण

@शंकासूर, तिन्ही मुद्दे रास्त. गुणक असतो. पण चौदाव्या मजल्यावरचा वाराही जमिनीजवळच्या वाऱ्यापेक्षा जास्त असतो, तो मी धरला नव्हता. हिशोब दिशा दाखवायला आहे, टेंडर भरायला नाही.

४४ चा आकडा मजबुतीसाठी. काच फुटू नये, बिजागरी उखडू नये म्हणून तो धरतात. तेवढ्या वाऱ्यात थेंबही येऊ नये असं कोणी मागत नाही, त्याला वेगळी, खालची पातळी धरतात. तौक्ते चक्रीवादळ आठवा. १७ मे २०२१, कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला. तो वेग सूत्रात घातला तर ६०० पास्कल, म्हणजे ६ सेंटिमीटर पाणी. योगायोग असा की ईएन १२२०८ हे जे युरोपचं खिडक्यांच्या पाणी-चाचणीचं मानक आहे, त्यात ९ए हा वर्ग बरोबर ६०० पास्कललाच मिळतो. खिडकीवर आधी १५ मिनिटं नुसता पाण्याचा फवारा, मग दर ५ मिनिटांनी दाब वाढवत नेतात, कुठे पाणी आत आलं ते पाहतात. विकणाऱ्याला ‘थेंब येणार नाही’ हे तोंडी विचारू नका, कोणत्या दाबापर्यंत चाचणी झाली तो कागद मागा. न देता हसला तर समजून जा.

वेंगुर्लेकर

अवांतर. आमच्या घरी वेंगुर्ल्याला मेच्या शेवटी पडवीच्या पश्चिमेला माडाची झापं बांधायची पद्धत होती. चार महिने घरात काळोख, पण भिंत कोरडी ठणठणीत. पावसाला खिडकीपर्यंत येऊच द्यायचं नाही ही आजीची तऱ्हा. तुम्ही चौदाव्या मजल्यावर झापं बांधलीत तर सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणेल ते ऐकायला आवडेल.

लोणच्याची बरणी

सेक्रेटरी नोटीस लावेल: ‘सभासदांनी झावळ्या एकाच रंगाच्या वापराव्यात.’

डेको

@वेंगुर्लेकर, अजिबात अवांतर नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारती बघा, त्या खिडक्यांवरून भुवयांसारखे फिरलेले सलग छज्जे दिसतात ना, ते शोभेलाही आहेत आणि पावसालाही. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशात घेतलं तेव्हा सगळे गोलाई आणि रंगांबद्दल बोलले. मला त्या छज्ज्यांचं कौतुक वाटतं. समोर समुद्र आणि तरी खिडक्या उघड्या.

त्या काळातल्या कित्येक इमारतींत झेड आकाराच्या लोखंडी पट्ट्यांच्या बिजागरी खिडक्या होत्या. फार बारीक, सुंदर. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंज फुगतो, तावदान चौकटीत नीट बसत नाही, मग कोणीतरी जोर लावून ओढतो आणि काच तडकते. आमच्याकडच्या सहापैकी चार अशाच गेल्या. उरलेल्या दोन मी दर उन्हाळ्यात घासून रेड ऑक्साइड लावतो. बायको म्हणते एवढी काळजी माझी घे.

अ‍ॅल्युमिनियमवाला भाऊ

मी फॅब्रिकेटर, वीस वर्षं मुलुंड-भांडुप भागात काम करतो. वर सगळे खिडकीबद्दल बोलताहेत. मला येणाऱ्या गळतीच्या तक्रारींत पुष्कळदा दोष खिडकीचा नसतोच, खिडकीभोवतीचा असतो.

तीन गोष्टी बघतो मी पहिल्यांदा.

खालच्या ट्रॅकमधून आरपार स्क्रू मारलाय का. हा प्रकार सर्रास. चौकट घट्ट बसावी म्हणून पोरं ट्रॅकच्या तळाला ड्रिल मारून प्लग-स्क्रू ठोकतात. पाणी साचायची जी जागा, तिच्याच बुडाला भोक! ते पाणी ट्रॅकमधून दिसत नाही, भिंतीत उतरतं आणि महिन्याने स्कर्टिंगच्या वर पोपडे येतात. स्क्रू बाजूच्या उभ्या पट्ट्यांतून मारायचे.

सिलिकॉन कुठलं. स्वस्त ट्यूब उघडली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते काचेला ठीक, सिमेंटच्या भिंतीला धरत नाही, दोन पावसांत सालीसारखं सुटतं. भिंतीला न्यूट्रल लागतं. आणि भेगेत आधी फोमची दोरी कोंबून मग वर सिलिकॉन भरायचं. दोरी नसेल तर सिलिकॉन मागेही चिकटतं, भेग हलली की फाटतं.

तिसरी गोष्ट विचारतो. ताई, तुमच्या हॉलच्या मूळ नकाशात फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेर झाडांसाठी मातीचा हौदा, होता का?

चौदावा मजला

होता! आम्ही घेतलं तेव्हा आधीच हॉलमध्ये घेतलेला होता. त्याचा काय संबंध?

अ‍ॅल्युमिनियमवाला भाऊ

तोच तर संबंध. पूर्वी फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकाम क्षेत्रात, धरत नसत. २०१२ साली नियम बदलले. त्याआधीच्या इमारतींत बिल्डरने नाहीतर मालकाने तो खोलीत घेतला, खिडकी दोन फूट पुढे समुद्राकडे सरकली. वर छज्जा कुठाय? वर वरच्या मजल्याचा फ्लॉवर बेड, तोही बरोबर तुमच्या काचेच्या रेषेत. एक इंच पुढे नाही. म्हणजे वरच्या चौदा-पंधरा फुटांच्या भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी तुमच्या खिडकीच्या डोक्यावर.

शिवाय फ्लॉवर बेडची स्लॅब खोलीपेक्षा खाली असते. माती भरायची होती ना. आता त्यात डबर भरून वर लाद्या. खिडकीतून मुरलेलं पाणी त्या डबरात जाऊन बसतं आणि गळतं तेराव्या मजल्याच्या छताला. खालच्यांची तक्रार आली आहे का?

चौदावा मजला

खालचे काका दोन वर्षं बोलत नाहीत. आम्हाला वाटायचं पार्किंगवरून.

गिरगावातले अण्णा

भाऊंना माझा दंडवत. मी छज्जा म्हटलं तेव्हा कोणी ऐकलं नाही, फ्लॉवर बेडने पटलं. घर मोठं करायला निघालेला माणूस छज्जा आधी खातो.

राइनकाठ

आठ वर्षं जर्मनीत काढून परत आलो, आता पवईला. तिकडच्या खिडक्या आत उघडतात, त्याच मुठीने वरून तिरक्याही होतात. काच दोन्ही बाजूंनी आतूनच पुसता येते, बाहेर ग्रिल असलं तरी अडचण नाही, तावदान खाली पडायची भीती नाही. चौदाव्या मजल्याला हेच योग्य. इकडेही यूपीव्हीसीत (कडक प्लास्टिकच्या चौकटीत) मिळतात. बाहेर उघडणारी खिडकी उंच इमारतीत मला तरी वेडेपणा वाटतो.

लोणच्याची बरणी

@राइनकाठ, माझ्या बहिणीने तशी केली. आत उघडली की पडदा, कुंडी, टीव्ही सगळं आडवं येतं. आणि पावसात चुकून उघडली तर काचेवरचं पाणी थेट गादीवर. तुमच्या राइनकाठी गाद्या खिडकीपासून लांब असतील, आमची खोली दहा बाय दहा.

कोरडा पाषाण

आत की बाहेर हा वाद आमच्या ऑफिसातही मिटत नाही. पाण्यापुरतं सांगतो.

आतल्या झाकणाचा प्रेशर कुकर आठवा. वाफ जितकी वाढते तितकं झाकण रिंगवर घट्ट बसतं. बाहेर उघडणारं तावदान तसंच, फक्त उलट दिशेने. वारा बाहेरून दाबतो आणि तावदान चौकटीच्या रबरावर आणखी आवळतं. आत उघडणाऱ्या तावदानाला वारा रबरापासून दूर ढकलतो, सगळी भिस्त कुलपांवर. म्हणून तिथे मूठ एक आणि कुलपाची टोकं चारी बाजूंनी सात-आठ लागतात. चांगल्या जर्मन पद्धतीच्या खिडकीत ती असतात. आपल्याकडे पैसे वाचवायला दोन ठेवली की तीच खिडकी चाळणी होते. तेव्हा राइनकाठ यांचं म्हणणं खोटं नाही, पण पूर्ण माल घेतला तरच.

आता रबराबद्दल, कारण इथेच लोक चुकतात. बहुतेकांना वाटतं बाहेरचं रबर पाणी अडवतं, म्हणून ते जितकं घट्ट तितकं चांगलं. उलट आहे. बाहेरचं रबर म्हणजे छत्री, मोठे थेंब अडवायला. त्याच्या मागे एक पोकळी हवी आणि तिला बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या खाचा हव्यात, म्हणजे पोकळीतला दाब आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो. दाबात फरकच नसेल तर पाण्याला पुढे ढकलणारं कोणी उरत नाही, ते खाली पडतं आणि खाचांतून निघून जातं. हवा अडवायचं काम आतल्या रबराचं, आणि ते मात्र चारी बाजूंनी सलग, कोपऱ्यात न तुटलेलं हवं. कोपऱ्यात कापून नुसतं टेकवलेलं रबर म्हणजे हवेला उघडं दार. हवा त्या फटीतून सुसाट आत येते आणि येताना पाणी घेऊन येते.

रबर ईपीडीएमचं (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर) घ्या. पीव्हीसीचं पश्चिमेच्या उन्हात काही वर्षांत कडक होतं.

खाचा लांबट हव्यात, रुंदी निदान ५ मिमी. लहान गोल भोकात पाण्याचा थेंब पृष्ठताणाने अडून बसतो, पडतच नाही.

शंकासूर

कुकरची उपमा पटली. वाचनखूण साठवली.

पेठकर

तरी कुकरची शिट्टी कुठे बसवायची ते राहिलं.

कोरडा पाषाण

@पेठकर, त्या खाचा म्हणजेच शिट्टी. चेष्टेत बरोबर बोललात.

जाता जाता, चौदावा मजला यांच्यासाठी यंदाच्या पावसात फुकट करता येण्याजोगं: जोराचा पश्चिम वारा असताना पूर्वेच्या खिडक्या उघड्या ठेवू नका आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद ठेवा. त्या दोन्हींनी घरातला दाब कमी होतो, म्हणजे पश्चिमेच्या खिडकीवरचा फरक वाढतो. ‘हवा खेळती राहू दे’ म्हणून आपण नेमकं उलट करतो.

चौदावा मजला

अगं बाई. पाऊस सुरू झाला की सासूबाई आधी भजी तळायला घेतात आणि एक्झॉस्ट लावतात. इतकी वर्षं आम्ही भज्यांपायी भिजतोय?

वेंगुर्लेकर

भजी बंद करू नका. खिडकी बदला.

राइनकाठ

तावदान पडण्याबद्दल कोणी बोलत नाहीये. माझा मूळ मुद्दा तो होता.

अ‍ॅल्युमिनियमवाला भाऊ

राइनकाठ साहेब, बरोबर. मी सांगतो. पडलेली तावदानं मी पाहिलीत, बंद तावदान पडलेलं एकही नाही. उघडं राहिलेलं, वाऱ्याने आपटत राहिलेलं, मग बिजागरीचे रिव्हेट सुटलेले. तिथे अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट होते. समुद्राजवळ स्टेनलेसच्या पट्टीची सरकती बिजागरी घ्या, ज्यावर तावदान वरून-खालून टेकतं आणि उघडताना चौकटीपासून थोडं आत सरकतं. त्या फटीतून हात घालून बाहेरची काच पुसता येते, हा फायदा वेगळा. स्टेनलेस ३०४ ऐवजी ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला जास्त टिकतं. स्क्रूही स्टेनलेस. साधा लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये घातलात तर स्क्रूही जातो, सेक्शनही. आणि चार बोटांपेक्षा जास्त उघडू नये म्हणून अडणी लावून घ्या, सफाईच्या वेळी किल्लीने सोडायची.

दुसरं, तावदान रुंद करू नका. लोक म्हणतात दोनच मोठी तावदानं ठेवा, समुद्र छान दिसतो. ६ मिमी काच चौरस मीटरला १५ किलो. तावदान दुप्पट रुंद केलं की वजन दुप्पट, आणि ते बिजागरीपासून दुप्पट लांब लटकतं, म्हणजे बिजागरीवरचा ओढा चौपट. वर्षभरात खालचा कोपरा अर्धा सेंटिमीटर झुकतो, मग रबर तिथे दाबलंच जात नाही.

डेको

आठ फुटांसाठी मी असं करीन: मध्ये चार फूट बंद काच, दोन बाजूंना दोन-दोन फुटांची बिजागरीची तावदानं. जेवढे सांधे कमी तेवढी गळती कमी, आणि समुद्र मधूनच बघायचा असतो.

आणि जमलं तर बाजूच्या एकाचा वरचा भाग वेगळा, वरून बिजागरी असलेला. खालून बाहेर ढकलायचा. तिरकं तावदान स्वतःच छज्जा होतं, पाऊस चालू असताना हवा घेता येते. मुंबईत चार महिने सगळं गच्च बंद करून बसणार का? मग भिंतीला बाहेरची ओल नाही तर आतली बुरशी.

मूक वाचक

दुसऱ्या खोलीची कड पण १९.

गिरगावातले अण्णा

कट्टा विसरू नका हो. खिडकीखालचा दगड. हल्ली ग्रॅनाइट बसवतात, आरशासारखं, सपाट. मध्ये पाणी उभं. बाहेर उतार द्या, भिंतीच्या पुढे दीड इंच नाक काढा आणि नाकाच्या पोटाला खाच. नाहीतर पाणी दगडाच्या खालून चालत पुन्हा भिंतीकडे येतं. पाण्याला उलटं लटकून चालता येतं, माणसांना कळत नाही.

राइनकाठ

तपासायचं कसं तेही लिहितो, वाद बाजूला. बंद तावदानात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर दाबलं जात नाही. चारी बाजूंनी दर वीतभर. नंतर वारा असताना कडेने उदबत्ती फिरवायची, धूर कुठे वळतो ते दिसतं. पैसे देण्याआधी. आणि फॅब्रिकेटर समोर असताना.

अ‍ॅल्युमिनियमवाला भाऊ

उदबत्ती घेऊन उभं राहिलेलं गिऱ्हाईक बघितलं की अर्धे फॅब्रिकेटर पळतील. मी थांबेन.

चौदावा मजला

सगळ्यांचे आभार. डेको यांचाच आराखडा धरला: मध्ये बंद, बाजूला दोन बाहेर उघडणारी, डावीकडे वर छोटी ढकलायची. चाचणीचा कागद मागितल्यावर ‘एक थेंब’वाल्याने फोन उचलणं बंद केलं. तिसरा मिळाला. जाळी आतून घडीची, ग्रिल आतून, त्यात मुठीपाशी हात जाईल एवढी झडप. फ्लॉवर बेडच्या लाद्या काढल्या तेव्हा खालून ओलं डबर निघालं, तीन पोती. खालच्या काकांना बोलावून दाखवलं. ते चहा घेऊन गेले.

लोणच्याची बरणी

खिडकीपेक्षा ही बातमी मोठी.

मूक वाचक

धागा वर काढतोय. जून उजाडला, काय झालं?

चौदावा मजला

सांगणारच होते. परवा रात्री पहिली दणदणीत सर झाली, पश्चिमेचा वारा. भजी झाली, एक्झॉस्ट मुद्दाम लावला. मधली काच, डावं तावदान, वरचं छोटं, सगळं कोरडं. उजव्या तावदानाच्या खालच्या कोपऱ्यात मात्र दहा मिनिटांनी पाणी दिसायला लागलं. बुडबुडे नाहीत, नुसतं हळूहळू भरत जाणारं. मी तर रडकुंडीला आले.

कोरडा पाषाण

बुडबुडे नाहीत म्हणजे त्या बाजूच्या खाचांतून हवाच येत नाहीये. बाहेरून खाच बंद आहे. रंगवाल्यांनी परांची उतरवण्याआधी शेवटचा हात मारला होता का?

चौदावा मजला

मोबाइल बाहेर काढून फोटो घेतला (नवऱ्याने माझा दंड धरून). उजव्या बाजूच्या तिन्ही खाचा सोसायटीच्या क्रीम रंगाने व्यवस्थित बुजवल्या आहेत. वर दोन हात.

अ‍ॅल्युमिनियमवाला भाऊ

जुना टूथब्रश आणि विणायची सुई. आतून तावदान उघडून हात खाली घाला. सुईने आधी टोचा, मग ब्रश. स्क्रूड्रायव्हर नको, सेक्शनचं कोटिंग जाईल. अडणी लावूनच करा.

चौदावा मजला

झालं. सासूबाईंची १० नंबरची सुई. भसकन पाणी गेलं. काल रात्री पुन्हा पाऊस होता, कोरडं.

वेंगुर्लेकर

पातळांचं काय केलंत?

चौदावा मजला

उरलेल्या चारांची गोधडी शिवायला दिली आहे.

दहिसरकर_नवा

नमस्कार, मी नवीन सभासद. पूर्ण धागा वाचला. आमची खिडकी दक्षिणेला आहे, तिसरा मजला, समोर दुसरी इमारत. तरी गळते. आतली कड ३० मिमी आहे. मग?

अ‍ॅल्युमिनियमवाला भाऊ

खालच्या ट्रॅकच्या तळाला स्क्रूचं डोकं दिसतंय का बघा.

दहिसरकर_नवा

पाच दिसतात.